खोली नऊ, मुलगी

वृद्धाश्रमाच्या फाटकावरचा दरवान भेटायला येणाऱ्याचं नाव विचारायचा, नातं विचारायचा, फोन लिहून घ्यायचा, सही घ्यायचा. पण भेट कोणाची, ते मात्र नावानं कधी लिहीत नसे. खोलीचा आकडा लिहून मोकळा व्हायचा. "खोली सहा, पुतण्या." "खोली अकरा, सून." कोणी हटकलं तर म्हणायचा, "म्हाताऱ्यांची नावं लांबलचक, आणि माणसं काय, आज आहेत उद्या नाहीत. खोल्या कुठं जातात?"

तेवीस वर्षं हीच रीत चालली होती. वही भरली की ती आत कचेरीत यायची, आणि कचेरीतली बाई ती कॉम्प्युटरात उतरवायची. तिला सगळे कारकूनबाई म्हणत. स्वतःच्या नावानं तिला हाक मारणारं तिथं एकच माणूस होतं, आणि तेही नाव नव्हतं, लाडाचं संबोधन होतं. खोली नऊमधले तिचे वडील तिला 'खारोटी' म्हणत. लहानपणी ती खारीसारखी दोन्ही हातांनी धरून कुरतडत खायची म्हणून.

वडलांनी जन्मभर दुकानांतले तराजू आणि काटे दुरुस्त केले होते. अजूनही काही हातात दिलं की तळहातावर जोखून बघत. औषधाची बाटली घेऊन म्हणत, "कालच्यापेक्षा दोन गोळ्या कमी आहेत." मोजलं की तेवढ्याच निघायच्या. कारकूनबाई रोज तीन वाजता चहाच्या सुट्टीत त्यांच्याकडे जाई. नोकरी तिथलीच असली तरी दरवान तिला सोडत नसे. वही पुढं सरकवून म्हणे, "नियम म्हणजे नियम. घ्या, करा सही. खोली नऊ, मुलगी."

तर झालं असं, की एक आजीबाई रात्रीत आजारी पडल्या आणि त्यांच्या नावापुढं लिहिलेला फोन सहा वर्षं जुना निघाला. दुसऱ्या दिवशी मॅनेजर तावातावानं कचेरीत आले.

"रहिवाशांच्या तक्त्यात तो 'जवळचं माणूस' रकाना आहे ना, तो पार शिळा झालाय. भेटींच्या नोंदीतून ताजा करून टाका. कोण भेटायला येतं तेच जवळचं माणूस, सरळ आहे."

सरळ दिसत होतं, पण नव्हतं. रहिवाशांचा तक्ता वेगळा, त्यात माणसाचं नाव आणि त्याचा क्रमांक. भेटींचा तक्ता वेगळा, त्यात दरवानाच्या कृपेनं नुसता खोलीचा आकडा. दोघांना जोडायचं तर मधे तिसरा तक्ता घ्यावा लागणार होता: कोणत्या खोलीत कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कोण राहिलं. भेटीवरून खोली, खोलीवरून माणूस, असा तीन घरांतून जाणारा रस्ता.

चौऱ्याहत्तर माणसांचं हातानं कोण करत बसणार? कारकूनबाईनं तीन तक्ते एकमेकांना जोडणारा एक हुकूम लिहिला. खोलीला खोली जुळव आणि जो भेटीला आला त्याचं नाव रकान्यात घाल. मंगळवार होता, सकाळचे अकरा वाजले होते. तिनं बटण दाबलं. पडद्यावर उमटलं: चौऱ्याहत्तर ओळी बदलल्या.

एकही रिकामी नाही, म्हणून ती खूश झाली. खरं तर तिथंच तिला शंका यायला हवी होती. त्या आश्रमात एकोणीस माणसं अशी होती की ज्यांच्याकडे कधी काळं कुत्रंही फिरकलं नव्हतं. पण काम उरकल्याच्या आनंदात माणूस आंधळा होतो. मॅनेजरांनी त्याच दुपारी रकान्यातल्या सगळ्यांना निरोप धाडला: 'आपलं माणूस आपली वाट पाहत आहे. भेटीची वेळ तीन ते पाच.'

बुधवारी तीनला दरवान कोणाशी तरी गुंतलेला होता, म्हणून सही न करताच ती खोली नऊचं दार ढकलून आत गेली. पलंगाशी एक बाई बसली होती. गळ्यात मोजपट्टी, पदराला टोचलेल्या चार सुया, शिवणकाम करणारी असावी. ती वडलांच्या पायाची नखं कापत होती.

"या, या कारकूनबाई," वडील म्हणाले. "ही माझी मुलगी."

कारकूनबाईला हसू आलं. "हो का? आणि मग मी कोण, बाबा?"

वडलांनी तिच्याकडे पाहिलं. त्या बघण्यात अदब होती, आणि तीच तिला टोचली. परक्या बाईकडे सभ्य माणूस बघतो तसं ते बघत होते.

"बाबा म्हणता, बरं वाटतं ऐकायला," ते म्हणाले. "इथं सगळे आजोबा म्हणतात."

शिवणारी बाई नखं गोळा करता करता बोलत होती. "लहानपणी यांनी मला तागडीत बसवून तोललं होतं हो. दुसऱ्या पारड्यात बटाट्याचं पोतं. मी घाबरून रडले, तर म्हणाले, रडू नकोस, रडलीस की वजन वाढतं."

कारकूनबाईच्या हातातला चहा थंड पडला. तागडीचं ते थंडगार पितळी पारडं तिच्या मांड्यांना अजून आठवत होतं. रडू नकोस, वजन वाढतं, हे तिला सांगितलं होतं.

"पंधरा किलो भरले होते," ती कशीबशी म्हणाली.

"साडेचौदा," शिवणारी म्हणाली.

"साडेचौदा," वडलांनी मान डोलावली.

ती कचेरीकडे धावली. बोळात पाय ठेवायला जागा नव्हती. इतकी माणसं तिथं कोणी कधी पाहिली नव्हती. एरवी भिंतीकडे तोंड करून बसणाऱ्या आजोबांच्या मांडीवर कोणाचं तरी पोर खेळत होतं. दरवान बिचारा वही घेऊन घामाघूम झाला होता.

"काय लग्नघर झालंय बाई!" तो म्हणाला. "खोली अकराचा जावई सासऱ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा आहे. पण सासऱ्यापुढं कसा मान खाली घालून बसलाय बघा. माझ्या जावयाला दाखवायला आणावंसं वाटतंय."

तिनं तक्ता उघडला. हुकूम पुन्हा वाचला, आणि तिच्या पायाखालची वाळू सरकली. खोलीला खोली जुळवली होती, पण तारखेला तारीख जुळवलीच नव्हती. भेट झाली त्या दिवशी त्या खोलीत कोण राहत होतं, हे यंत्राला कोणी विचारलंच नव्हतं. मग एका खोलीला दहा-दहा पाहुणे जुळले, तेवीस वर्षांतले, आणि यंत्रानं हाताला लागला तो पहिला उचलला. खोली नऊमध्ये पूर्वी एक घड्याळजी राहत. त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती. ही शिवणारी त्यांची मुलगी.

चूक कळली, ठीक. चूक कुठल्या कारकुनाकडून होत नाही? पण तक्त्यातली चूक वडलांच्या डोळ्यांत कशी उतरली? बटाट्याचं पोतं त्या बाईच्या तोंडात कोणी घातलं?

ती मॅनेजरांकडे गेली.

"चूक?" मॅनेजर म्हणाले. "अहो, आज पहिल्यांदा एकही तक्रार नाही. चूक असती तर कोणी तरी ओरडलं असतं."

"मी ओरडतेय. खोली नऊमध्ये माझे वडील आहेत."

मॅनेजरांनी पडद्यावर बघितलं, मग तिच्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती. "थकलात तुम्ही. तुमची तर आई आहे ना इथं? खोली चार."

खोली चार! ती पूर्वी अडगळीची खोली होती. वडील आश्रमात आले तेव्हा ती रिकामी करून त्यांना दिली होती, आणि वर्षभरानं ते नऊमध्ये गेले. त्या खोलीत भेटीला आलेलं पहिलं माणूस म्हणजे स्वतः कारकूनबाई. आता तिथं शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई राहत. मागंपुढं कोणी नव्हतं. कारकूनबाई त्यांच्याशी आजवर उन्हापावसापलीकडे बोलली नव्हती.

तेव्हाच हुकूम दुरुस्त केला असता तर बरं झालं असतं. पण म्हटलं, आधी एकदा बघून यावं. नुसतं दारातून.

शाळेच्या बाई खिडकीशी बसल्या होत्या. मान न वळवता म्हणाल्या, "उशीर केलास."

"काम होतं," कारकूनबाई म्हणाली. तिला म्हणायचं होतं, बाई, माफ करा, घोटाळा झालाय.

"काम म्हणे. वेणी किती सुटलीये बघ. इकडे ये."

आणि कारकूनबाईचा हात आपोआप कोनाड्यातल्या पत्र्याच्या डब्यात गेला. फणी तिथंच होती. आपल्याला हे कसं ठाऊक, असं तिच्या मनात आलं, पण तोवर ती पाटावर बसलीही होती. बाईंची बोटं डोक्यातून फिरू लागली. बोटांना खडूचा वास होता. त्या वासाबरोबर एक अंगण आलं, पाटी आली, "ओळीत लिही गं, ओळ सोडू नकोस" असं म्हणणारा आवाज आला. पाच वाजले कधी, कळलं नाही.

संध्याकाळी दादाचा फोन आला. तिचा थोरला भाऊ दूर दुसऱ्या गावी असे, आणि दर बुधवारी विचारपूस करी.

"कसं काय? सगळं बरं?"

"बरं. आईची तब्येत छान आहे. आज तिनं माझी वेणी घातली."

पलीकडचा टीव्हीचा आवाज बंद झाला.

"काय म्हणालीस?"

"आई..."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? तू दोन वर्षांची असताना आई गेली. मी बाबांचं विचारतोय, बाबांचं!"

"कोणाचं?" असं तिच्या तोंडून निघून गेलं.

तिला स्वतःचीच भीती वाटली. तिनं पेन घेतलं आणि डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत लिहिलं: वडील, खोली नऊ, तारीख जुळव.

गुरुवारी ती तीन वाजता खोली चारमध्ये गेली. शुक्रवारी गेली. शनिवारी आंघोळ करताना हातावरची पुसट अक्षरं दिसली. दरवानानं कसला तरी निरोप दिला असेल, असं वाटलं तिला. कोणाचे तरी वडील, नऊमधले. बरे गृहस्थ आहेत ते. त्यांची मुलगी न चुकता येते, नशीबवान.

हे एवढ्यावर संपायचं. पण सोमवारी सकाळी तिच्या टेबलावर गर्दीनं आठवड्यातच भरलेली भेटीची वही आली. ती उतरवता उतरवता एका भेटीचं नातं वाचता येईना, म्हणून पडताळायला तिनं आधीच्या वह्या काढल्या. पानं उलटता उलटता हात थांबला.

खोली नऊ, मुलगी. पुढं सही. सही तिची होती.

दुसरं पान. खोली नऊ, मुलगी. सही तिची. तीन वाजून दोन मिनिटं, तीन वाजून पाच मिनिटं, एकदा तीनला दहा कमी असताना. पावसाळ्यात भिजलेल्या हातानं केलेली, फुटलेल्या शाईची. तापात केलेली वाकडी. वहीमागून वही, शेकडो सह्या. शेवटची गेल्या सोमवारची. मंगळवारी रकाना भरण्याच्या नादात ती गेलीच नव्हती. बुधवारपासून त्याच आकड्यापुढं दुसरीच सही होती, बारीक टाक्यांसारखी.

तिला एकही भेट आठवत नव्हती. नऊमधल्या म्हाताऱ्याबद्दल मनात काही म्हणजे काही नव्हतं. विहीर आटते तेव्हा निदान तळाशी ओल राहते. इथं तीही नव्हती. आणि खोली चारमध्ये तिची आई होती, जिवंत, खडूच्या बोटांची, वाट बघणारी.

ती बराच वेळ वही मांडीवर घेऊन बसली. मन एक सांगत होतं, कागद दुसरं. मग तिनं विचार केला, मन गेल्या बुधवारचं आहे, कागद चार वर्षांचा आहे. ज्याच्यासाठी मी ताप अंगात असताना इथवर आले, तो माणूस माझा कोणी तरी असणारच. आठवत नसला तरी.

हातावरचं ते पुसट 'तारीख जुळव' कोणासाठी होतं, ते आता तिला उलगडलं. तिनं हुकूम नव्यानं लिहिला. खोलीला खोली, आणि भेटीची तारीख त्या माणसाच्या मुक्कामात बसली पाहिजे. एवढ्यावर भागणार नव्हतं. कारण गेल्या पाच दिवसांतल्या भेटीही खऱ्या तारखांनी वहीत बसल्या होत्या. शिवणारी बाई खरोखर आली होती, खरोखर नखं कापली होती. आणखी काही दिवस गेले असते तर चुकीचंच पारडं जड झालं असतं. तिनं आणखी एक अट घातली: त्या मंगळवारच्या आधीच्या भेटीच धर, आणि त्यातली शेवटची घे.

बटणावर बोट ठेवलं तेव्हा तिला रडू येत होतं, आणि का येतंय ते कळत नव्हतं. पंचावन्न ओळी बदलल्या.

तीनला ती नऊकडे निघाली. शिवणारी बाई बोळात उभी होती. हातात नखं कापायचं यंत्र, ते ती उलटसुलट करून बघत होती.

"इथं घड्याळजी राहायचे ना?" तिनं विचारलं. "माझे वडील. जाऊन चार वर्षं झाली. मी आज इथं कशी आले, काही समजत नाही बघा." ती हसली. "पायांना सवय असेल."

ती फाटकाकडे गेली. कारकूनबाईला तिच्या मागं जावंसं वाटलं, पण जाऊन सांगायचं काय?

दार ढकललं आणि आतून हाक आली, "खारोटे! आठ दिवस झाले, कुठं उलथली होतीस?"

त्या एका हाकेसरशी सगळं परत आलं. पितळी तागडी, तेलाचा वास, रात्री खांद्यावर झोपलेलं तिचं डोकं, सगळं. एखाद्या बंद घराच्या खिडक्या वाऱ्यानं एकदम उघडाव्यात तसं. ती त्यांच्या पांघरुणात तोंड खुपसून इतकी रडली की वडील घाबरले.

"अगं, रडू नकोस. रडलीस की..."

"माहीत आहे, बाबा. वजन वाढतं."

इथवर सगळं ठीक झालं. पण पाच वाजता बोळातून परतताना चारच्या दारातून आवाज आला, "आज आली नाहीस ती?" आणि तिच्या काळजात आई म्हणून कळ उठली, कालच्याइतकीच खरी.

तिनं तक्ता उघडून बघितलं. चौऱ्याहत्तरातून पंचावन्न गेले, उरले एकोणीस. ज्यांच्याकडे कधीच कोणी आलं नव्हतं, त्यांच्यासाठी नव्या हुकुमाला जुळवायला काही सापडलंच नाही, आणि जुळलं नाही तिथं यंत्र हात लावत नाही. जुनं होतं तसंच ठेवतं. खोली चार: मुलगी, आणि पुढं तिचं नाव. अकरामधला तो म्हातारा जावईही तसाच राहिला होता. एक ओळ लिहिली असती की एकोणीस रकाने पुन्हा रिकामे झाले असते. तिनं ती ओळ लिहिलीही. मग खोली चारची ती मान आठवली, न वळता "उशीर केलास" म्हणणारी. तिनं लिहिलेलं पुसलं आणि कॉम्प्युटर बंद केला. कोणाचं काय बिघडतंय?

रविवारी वडील खोलीच्या खिडकीशी उन्हात बसले होते, काठी शेजारी टेकवलेली. बोलता बोलता म्हणाले, "तुला तुझी आई आठवते का गं? तू एवढीशी होतीस."

"आठवते की. बोटांना खडूचा वास यायचा. मला म्हणायची, ओळीत लिही, ओळ सोडू नकोस."

हातातलं पाण्याचं भांडं वडलांनी किंचित वरखाली केलं.

"तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, खारोटे. अंगठा उठवायची ती."

आठवण कारकूनबाईच्या डोळ्यांपुढं लख्ख होती, आणि तिच्या मागं दुसरी कसलीच नव्हती. तिथं पूर्वी काही होतं की नाही, हेही तिला सांगता आलं नसतं.

"शिकली असेल," वडील हळूच म्हणाले. "मागाहून शिकली असेल. कुठं निघालीस?"

"चारमध्ये. आईकडे." तिच्या तोंडून निघून गेलं.

वाटलं, आता ते रागावतील, नाही तर दादासारखे ओरडतील. त्यांनी नुसती मान हलवली. "मग सांग तिला, मी विचारलंय म्हणून."

खोली चारमध्ये बाई खिडकीशीच होत्या. कारकूनबाईनं फणी काढली, पाटावर बसली. निरोप सांगणार नव्हती, पण बाईंनीच विचारलं, "कोणाजवळ बसली होतीस इतका वेळ?"

"बाबांजवळ. त्यांनी तुमची... तुझी चौकशी केलीये."

डोक्यातली बोटं थांबली. मग बाई हसल्या, लाजल्यासारख्या, आणि स्वतःच्या पांढऱ्या केसांवरून हात फिरवून म्हणाल्या, "अस्सं? एवढ्या वर्षांनी आठवण झाली का त्यांना?"

कारकूनबाईनं वळून बघितलं. मुलीचं नाव तिनं भरलं होतं, चुकून का होईना. पण त्या तक्त्यात नवऱ्याचा रकानाच नव्हता.

बोळातून, नऊच्या बाजूनं, काठीचा आवाज येऊ लागला होता.

"सरळ बस," बाई म्हणाल्या. "हलू नकोस. ते येईपर्यंत वेणी पुरी होऊ दे."